बाहुलं कोण, कुणाचं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

‘एक वाचक’ यांस,

इथिओपियाचं ऑर्थोडॉक्स चर्च आणि सिंहासन यांवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: "चर्च हे सम्राटाचं बाहुलं होतं. मुसलमानांना एका ओळीत गुंडाळलंत, त्यांना ईदची सुट्टीसुद्धा नव्हती. सनावळी चुकीची, लेख घरबसल्या उकरलेला." टीकेचं स्वागतच आहे. पण स्वतःचं नाव झाकून दुसऱ्याच्या अभ्यासावर थुंकायचं, ही रीत आमच्या घरात नव्हती.

आधी सनावळी. पहिले इथिओपियन पॅट्रिआर्क (चर्चचे सर्वोच्च प्रमुख) बासिलिओस 1959 साली झाले, मी 1951 लिहिलं. 1951 मध्ये ते आर्चबिशप झाले होते. चूक मान्य, दुरुस्तही केली. एका सालाची ‘सनावळी’ आपण केलीत, तेही ठीक.

आता बाहुलं. सम्राट सुसेन्योस 1622 मध्ये उघडपणे कॅथलिक झाला. त्याला वळवणारा पेद्रो पाएझ हा जेझुइट (कॅथलिक मिशनरी) गोव्याहून गेलेला, गोड बोलणारा, सबुरीचा. त्याच्यामागून 1625 मध्ये आलेला मेन्देस मात्र आडमुठा: लोकांचा पुन्हा बाप्तिस्मा, पाद्र्यांना पुन्हा दीक्षा, सुंता बंद, शनिवार पाळणं बंद. देश पेटला. 1632 मध्ये सम्राटाने जुना ऑर्थोडॉक्स धर्म परत दिला आणि गादी मुलाला, फासिलिदेसला. बाहुल्याने सूत्रधारालाच विंगेत ढकललं म्हणायचं का हे?

1916 घ्या. गादीवरचा लिज इयासू मशिदीत जातो, मुसलमान घराण्यांशी सोयरीक जोडतो, असा बोभाटा झाला. कट सरदारांचा होता, हे मलाही कळतं. पण आबुना, म्हणजे चर्चप्रमुख, मातेवोस यांनी प्रजेला निष्ठेच्या शपथेतून मोकळं केलं, तेव्हा कुठे गादी गेली. आणि हे मातेवोस कोण? इजिप्तचे! शतकानुशतकं इथिओपियाचा धर्मप्रमुख इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाहून यायचा. बाहुलं परदेशातून मागवायचे काय सम्राट?

‘घरबसल्या’ हा शब्द मात्र लागला. सम्राट हायले सेलासीच्या काळात भारतातून शिक्षक तिकडे जात. माझे वडील गोंदारला गणित शिकवायचे. 1975 पर्यंत मी तिथेच वाढलो. तिमकत, म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याचा सण, त्याच्या आदल्या दिवशी ताबोत (चर्चमधली पवित्र पाटी) फासिलिदेसच्या हौदाकडे निघायचा. जरीच्या कापडात गुंडाळून पुजाऱ्याच्या डोक्यावर, वर रंगीत छत्र्या. ताबोत दिसायचा नाहीच, दिसायची ती त्या पुजाऱ्याची ताठ मान. गोंदारच्या आदिस आलेम या मुसलमान वस्तीतले एक कापडवाले दुकानाच्या फळ्या लावून रस्त्याकडेला उभे राहायचे. तेव्हा तुम्ही कुठे होतात?

राहिले मुसलमान. लेखाचा विषय चर्च आणि सिंहासन एवढाच होता. 615 च्या सुमाराची पहिली हिजरत (पैगंबरांच्या अनुयायांनी इथिओपियात घेतलेला आसरा), 1529 पासूनच्या मुसलमान सेनानी अहमद ग्रान्यच्या सम्राटाविरुद्धच्या लढाया, सगळं एकाच लेखात कोंबू? सवडीने लिहीन. ईदची सुट्टी 1974 च्या क्रांतीनंतर मिळाली, हे मला शिकवायला येऊ नका. त्याच कापडवाल्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. ईदला आला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने हातावर छड्या खाल्ल्या. गणिताच्या तासाला.