गाडीखालचं हिरवं डबकं

आज सकाळी एका मित्राने फोटो पाठवला. गाडीखाली ताटाएवढं हिरवट डबकं, आणि सोबत दोनच शब्द: "परत गळतंय." दोन दिवस इंजिन उघडं पडलं होतं, सुट्टीसाठी बाजूला काढलेले पैसे हेड गॅस्केटवर (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या पातळ सीलवर) गेले, आणि गाडी ताब्यात मिळाल्यावर दुसऱ्याच सकाळी हे! संताप आवरत नाहीये, म्हणून लिहितोय.

झालं असं की घाट चढताना टेम्परेचरचा काटा वर गेला. त्याने लगेच गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. अगदी बरोबर केलं. टो करून जवळच्या गॅरेजात नेली. तिथे बॉनेट उघडलं, कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) टाकी रिकामी दिसली आणि पाच मिनिटांत निकाल लागला: "हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल." पाच मिनिटांत! मागच्या सीटवर रडकुंडीला आलेली मुलं, हॉटेलचं बुकिंग पुढच्या गावात. अडला हरी. तो "करा" म्हणाला.

अहो, टाकी रिकामी आहे म्हणजे कूलंट कुठेतरी गेलंय, एवढंच कळतं. कुठे गेलं, हे शोधणं हे मेकॅनिकचं काम. ते बाहेर गळलं असेल तर होज पाइप, त्याची क्लिप, रेडिएटर, वॉटर पंप यांच्याजवळ ओल किंवा वाळलेला पांढरट-हिरवट डाग दिसतो. इंजिनाच्या आत गेलं असेल तर सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो, डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल दुधाळ दिसतं, इंजिन चालू असताना टाकीत सतत बुडबुडे येतात. (फक्त ऑइलच्या झाकणाखाली जरासा दुधाळ थर दिसला तर घाबरू नका. थंडीत गाडी थोडीथोडीच चालली की वाफेने तसं होतं.)

यासाठी दोन साध्या टेस्ट आहेत. पहिली प्रेशर टेस्ट. इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीच्या कॅपच्या जागी हातपंप लावायचा, कॅपवर लिहिलेल्या प्रेशरपर्यंत, साधारण एक बारपर्यंत, हवा भरायची आणि दहा-पंधरा मिनिटं पंपावरचा प्रेशरचा काटा बघायचा. काटा उतरला की गळती आहे, आणि बाहेरची असेल तर थेंब डोळ्यांनी दिसतो. दुसरी निळ्या द्रवाची. टाकीच्या तोंडावर नळी लावून आतली हवा त्या द्रवातून ओढायची. सिलिंडरमधला जळका गॅस कूलंटमध्ये येत असेल तर निळा रंग पिवळट पडतो. अर्ध्या-पाऊण तासात दोन्ही उरकतात. इंजिन खोलायला दोन दिवस लागतात. गॅस्केट तशी स्वस्त वस्तू आहे, बिल फुगतं ते लेबरने, हेड फेसिंगने (हेडचा तळ घासून सपाट करण्याने) आणि नव्या बोल्टांनी. बऱ्याच इंजिनांचे हेड बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नसतात.

मान्य, कधी कधी गॅस्केट खरंच गेलेलं असतं. तापलेली गाडी तशीच रेटली की ॲल्युमिनियमचं हेड वाकू शकतं.

आणि इथे माझा राग गाडीत बसलेल्यांवरही आहे. "दहाच किलोमीटर राहिलेत, हळूहळू चल" असं चालवणाऱ्याला कोणी म्हणू नका. काटा वर चढायला लागला की एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल. हीटर हा छोटा रेडिएटरच असतो, इंजिनची उष्णता ओढून घेतो. तेवढ्यात सुरक्षित जागा बघून थांबायचं. काटा लाल पट्ट्यात गेला तर आहात तिथेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. आणि काटा एकदम खाली पडला तर आनंद मानू नका. कूलंट संपलं की सेन्सर नुसत्या हवेत लटकतो आणि खोटं थंड दाखवू शकतो.

कॅपला हात लावायचा नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं, झाकण सैल होताच त्याची वाफ होऊन तोंडावर येते. निदान पाऊण तास थांबा. मग जाड कापड धरून हळूहळू फिरवा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

गाडी फक्त ट्रॅफिकमध्ये तापते आणि वेगात गेली की ठीक होते? मग आधी रेडिएटरचा फॅन, त्याचा फ्यूज आणि रिले (फॅनला वीज जोडणारा स्विच) बघा. उलट, चढावर किंवा वेगातच तापते? मग कमी कूलंट, अडकलेला थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) किंवा चोंदलेला रेडिएटर.

मित्राला जुनं गॅस्केट मागून त्याचा फोटो पाठवायला सांगितलं. नशिबाने फेकलं नव्हतं. सगळ्या कडा शाबूत. दोन सिलिंडरांमधली अरुंद पट्टी सहसा आधी जळते, तीही स्वच्छ. मग म्हटलं, आता टाकीखालचा बारीक पाइप वाकवून दाखव. पाइप वाकवताच क्लिपच्या कडेला नखाएवढी चीर उघडली, तिच्यातून हिरवा थेंब. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! जुना पाइप तसाच ठेवून वर नवं कूलंट भरून दिलं होतं.

गॅरेजवाल्यालाही सुट्टीच्या गर्दीत दहा गाड्या बघायच्या असतात, कळतं मला. पण मग "तपासायला वेळ नाही" असं सरळ सांगावं ना.

"माझं चुकलं का रे?" असं त्याने विचारलं तेव्हा वाईट वाटलं. नाही रे बाबा. अनोळखी गावात, मुलं कंटाळलेली असताना, माणूस भरवशावरच चालतो. पण बाकीच्यांनी एवढं करा. इंजिन खोलायला हो म्हणण्याआधी "कोणती टेस्ट केली, दाखवा" म्हणा. एस्टिमेट लिहून घ्या, सुटे भाग वेगळे, लेबर वेगळं. याहून एक पैसाही वाढणार असेल तर आधी फोन, हे बजावा. जुने पार्ट परत मागा. आणि काम खरंच मोठं निघालं तर तिथेच उरकायची सक्ती नाही. गाडी फ्लॅटबेडवर (सपाट पाठीच्या टो ट्रकवर) घालून घरच्या मेकॅनिककडे पाठवता येते, तुम्ही दुसऱ्या वाहनाने पुढे जाऊ शकता. ऑटोमॅटिक गाडी असेल तर दोरीने ओढू देऊ नका, गिअरबॉक्सही जाऊ शकतो. विम्यात टोइंग आहे का आणि किती अंतरापर्यंत, हे निघण्याआधीच बघून ठेवा.

आता त्याला सांगितलंय: पाइप आणि क्लिप दोन्ही नवीन टाक. इंजिन थंड असताना मॅक्सच्या खुणेपर्यंत कूलंट भर, हीटर गरमवर ठेवून सुरू कर, फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत चालू दे, म्हणजे अडकलेली हवा निघेल. थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघ. वीस किलोमीटरवर थांब, खाली वाकून पाइपाची टोकं बघ. कोरडी असतील तरच पुढे जा.