घरी मागे राहणाऱ्याचे गाव: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया मी पुन्हा पुन्हा वाचली आणि उत्तर लिहायला आठवडा घेतला, कारण ती मनाला लागली आणि तिच्यातला मोठा भाग खरा आहे. नोकरीसाठी जर्मनीतल्या लहान गावी आलेला माणूस भाषा शिकला आणि शेजाऱ्यांत मिसळला की गाव त्याला आपलेसे करते, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. आपले म्हणणे असे की, हे रोज कामावर जाणाऱ्याचे लेखन आहे. त्याच्याबरोबर आलेला जोडीदार दिवसभर घरात काय करतो याचा त्यात उल्लेखही नाही, आणि असे लेख वाचून मोठ्या शहराऐवजी लहान गाव निवडणाऱ्यांची फसगत होते. पहिला आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. दुसरा मला पटत नाही.

२०१९ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघे बाडेन-वुर्टेम्बर्गमधल्या श्वेबिश आल्ब या डोंगररांगेच्या पायथ्याशी, जेमतेम बारा हजार वस्तीच्या गावी आलो. मला तिथल्या यंत्रांच्या कारखान्यात ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या राहण्याच्या परवान्यावर, नोकरी होती. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला आल्या दिवसापासून काम करण्याची मुभा असते आणि येण्यापूर्वी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही, हे मी त्या लेखात मोठ्या कौतुकाने सांगितले होते. पण मुभा असली म्हणून नोकरी मिळतेच असे नाही. माझी पत्नी फिजिओथेरपिस्ट आहे. जर्मनीत या व्यवसायासाठी परदेशी पदवीला आधी सरकारी मान्यता, म्हणजे ‘आनेरकेनुंग’, मिळवावी लागते आणि रुग्णांशी नीट बोलता येईल इतकी भाषाही यावी लागते. येताना जिला भाषेची सूट मिळाली होती, तिचेच सगळे भाषेवाचून अडले. परदेशातून आलेल्यांसाठी असलेल्या सरकारी इंटिग्रेशन कोर्समध्ये साधारणपणे भाषेचे ६०० तास आणि देशाची ओळख करून देणारे १०० तास असतात. आमच्या गावात पुरेसे विद्यार्थी जमेपर्यंत वर्गच सुरू होईना, आणि अखेर सुरू झाला तो मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने बंद पडला. शेजारच्या शहरात जावे तर परतीची शेवटची बस लवकर सुटत असे. गाडी चालवावी म्हटले तर भारतीय परवाना तिथे राहायला आल्यापासून फक्त ६ महिने चालतो. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. मोठ्या शहरात परवान्यावाचून फारसे अडत नाही, लहान गावात मात्र घराबाहेर पडणेच अवघड होते. हे मी लिहायला हवे होते.

आलो त्या वर्षीच्या डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडत असे. मी सहाला घरी आलो की पत्नी विचारायची, “आज कोणाशी काय बोललास?” आणि कॅन्टीनमधले साधे बोलणेही माझ्याकडून शब्दन् शब्द ऐकायची. मला ती हौस वाटत होती. दिवसभरात तिच्याशी एकही माणूस बोललेले नसे, हे माझ्या ध्यानात यायला फेब्रुवारी उजाडला. याची खंत मला अजून आहे.

आता आपला दुसरा मुद्दा. लहान गावातले लोक कोरडे असतात, वर्षानुवर्षे शेजारी राहूनही घरी बोलावत नाहीत, असे आपण लिहिले आहे. बोलावत नाहीत, हे बरोबर आहे. पण त्या भागात ‘केअरवोखे’ नावाची रीत आहे: इमारतीचा जिना आणि समोरचा पदपथ झाडण्याची पाळी आठवड्याआठवड्याने एकेका घराकडे येते आणि ज्या घराची पाळी त्याच्या दाराला एक छोटी पाटी लटकते. आमच्या दाराला ती पहिल्यांदा लागली तेव्हा कोणीतरी चुकून अडकवली असेल असे समजून आम्ही ती खिडकीत काढून ठेवली. शनिवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या आजी झाडू आणि बादली घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्या रागावल्या नाहीत. वरच्या पायरीपासून सुरुवात करायची, कोपरे हाताने पुसायचे, कठडा विसरायचा नाही, असे एकेक करून दाखवत त्या पत्नीबरोबर तळमजल्यापर्यंत उतरल्या आणि प्रत्येक वस्तूचे नाव तिच्याकडून वदवून घेतले: झाडू म्हणजे बेझेन, बादली म्हणजे आयमर. त्यांची बोली श्वाबिश, हिची भाषा पुस्तकी. तरी तासभर बोलणे चालले. पुढे, निर्बंध उठल्यावर, त्याच आजी तिला मंगळवारच्या व्यायामाच्या मंडळात घेऊन गेल्या. जर्मनीत अशा मंडळाला, म्हणजे ‘फेराइन’ला, नोंदणीसाठी किमान ७ सभासद पुरतात, म्हणून लहान गावातही गाण्यापासून व्यायामापर्यंत अनेक मंडळे असतात. तिथे तिला कोणी पाहुणी म्हणून वागवले नाही. दुसऱ्याच आठवड्यात सतरंज्या गुंडाळण्याचे काम तिच्याकडे आले, आणि तिचे काम काय हे कळल्यावर गुडघेदुखीच्या तक्रारीही.

म्हणून मला वाटते की लहान गाव निवडण्यात चूक नाही. चूक तयारीत होते, आणि ती बहुधा नोकरी करणाऱ्याकडून होते. माझ्याकडून झाली. आम्ही निघण्यापूर्वीच पत्नीच्या पदवीचे कागद मान्यतेसाठी पाठवायला हवे होते, ६ महिन्यांची मुदत संपायच्या आत पत्नीचे नाव गाडीच्या शाळेत घालायला हवे होते, आणि घर निवडताना कारखान्याच्या आधी रेल्वे स्थानकाचे अंतर मोजायला हवे होते. या गोष्टी पगाराच्या वाटाघाटीइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

मागच्या लेखातला तो भाग मी बदलत आहे आणि आपली प्रतिक्रिया त्याखाली जशीच्या तशी ठेवत आहे. सध्या आपणही अशाच गावी घरी असता, असे आपण शेवटी लिहिले आहे. पत्नीची मान्यता २०२२ मध्ये झाली. आपल्याला अर्ज भरताना कुठे अडले तर जरूर कळवा, असा तिचा निरोप आहे. या शनिवारी दुपारनंतर ती मोकळी आहे. सकाळी जिन्याची पाळी आमची आहे.