पहारेकरी राहिलेच की!

मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) आणि कॅल्शियम यांवरचा तुमचा लेख छान, पण ‘पेशीत कॅल्शियम वाढलं की मायटोकॉन्ड्रिया ते शोषून घेतात’ या एका वाक्यात खरी गंमत निसटली. चोपड्याला बारावीला जीवशास्त्र शिकवतो, पोरं हमखास विचारतात, मग कायम का शोषत नाहीत? प्रश्न रास्त आहे. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलावर जवळपास १८० मिलिव्होल्टचा फरक असतो, आतली बाजू ऋण. म्हणजे धनभारित कॅल्शियमला आत खेचणारी ओढ चोवीस तास चालूच. तरी आत पूर येत नाही, कारण कॅल्शियम आत नेणाऱ्या एमसीयू या वाहिनीच्या तोंडाशी मिक्यू१ आणि मिक्यू२ ही प्रथिनं पहारेकऱ्यांसारखी बसलेली असतात. बाहेर कॅल्शियम कमी असेल तर वाट बंद. ते वाढून या प्रथिनांना चिकटलं की त्यांचा आकार बदलतो आणि वाट मोकळी होते. आपल्या हतनूर धरणाचे दरवाजे पातळी बघून उचलतात, तसंच.

शोधाचा क्रमही उलटा आहे बघा: मिक्यू१ सापडलं २०१० मध्ये, आणि खुद्द वाहिनी २०११ मध्ये, अमेरिकेतल्या हार्वर्ड आणि इटलीतल्या पदुआ विद्यापीठांच्या दोन गटांना एकाच सुमारास. मायटोकॉन्ड्रिया कॅल्शियम घेतात हे मात्र १९६०च्या दशकापासून माहीत होतं!

आणि एमसीयू नसेल तर सगळं संपलं, असा सूर लेखात आहे, तो पटला नाही. २०१३ मध्ये एमसीयूचं जनुक काढलेले उंदीर जगले होते, फक्त स्नायूंचा जोर कमी पडला. कॅल्शियम परत बाहेर कसं जातं, त्यावरही लिहा की एकदा.