खानापूर की चंदगड? एका रागावलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

ज्यांना गावात जमीन घेऊन राहायचंय त्यांनी आधी बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका बघावा, असं मी लिहिलं. त्यावर तुम्ही विचारलंत, "बेळगावच्या मराठी माणसानं लोकांना कर्नाटकात पैसे घालायला सांगावं? शिनोळीची हद्द ओलांडली की महाराष्ट्रातला चंदगड तालुका. सातबारा मराठीत. मग तिथं का नको?"

तुमचा राग मला परका नाही. १९५६ मध्ये हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, ती सल आमच्याही घरात आहे. पण मी लिहिलं ते नोकरीत आयुष्य गेलेल्या, नावावर एक गुंठाही नसलेल्या माणसांसाठी. महाराष्ट्राच्या कूळकायद्याचं ६३ वं कलम त्यांना दारातच अडवतं. शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. कर्नाटकातही अशीच बंदी होती, पण २०२० मध्ये भूसुधारणा कायद्यातली ७९अ आणि ७९ब ही कलमं काढली गेली. चंदगडात शेतकरी दाखला जुळवून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या नादी लागू नका. पुढं खरेदीच रद्द व्हायची.

भाषेचा तुमचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि मला तो फार लागतो. इथला उतारा कन्नडमध्ये. म्हणून सांगतो, दुसऱ्याच्या वाचण्यावर विसंबू नका, अक्षरं शिका. नवव्या रकान्यात मालकाचं नाव असतं, अकराव्यात बोजा. सर्व्हे नंबरातला तुकडाच घेत असाल तर ११ई नकाशा, म्हणजे त्या तुकड्याचा मोजणी नकाशा, आधी झालेला हवा. आणि जमीन मुळात अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला सरकारनं दिलेली आहे का, हे जुन्या फेरफारांत शोधाच. कर्नाटकाच्या १९७८ च्या कायद्यानं अशी जमीन सरकारी परवानगीशिवाय विकली तर व्यवहारच टिकत नाही. चंदगडात वर्ग २ ची, म्हणजे विकण्यावर सरकारी बंधन असलेली जमीन असेल तर तिथंही परवानगी लागतेच. कागद मराठीत आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

बाकी माती-पाण्याला राज्य ठाऊक नाही. जांबोटी-कणकुंबीकडं काय आणि तिलारीकडं काय, पाऊस धो धो कोसळतो, पण जांभा दगड चाळणीसारखा, पाणी धरत नाही. श्रावणातला हिरवा डोंगर बघून इसार देणारे खूप भेटतात. तुम्ही शिमगा झाल्यावर या. विहिरीचा तळ बघा, शेजारच्या बाईला विचारा की मे महिन्यात पाणी कुठून आणता. भात, नाचणी, काजू दोन्हीकडं होतात. गवे आणि हत्तीही दोन्हीकडं येतात. भीमगड अभयारण्याच्या कडेला जमीन स्वस्त मिळाली तर कारण हेच असू शकतं. पंपाची वीज कर्नाटकात १० एचपीपर्यंत फुकट आहे, महाराष्ट्रात २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत. एवढ्या फरकावर गाव ठरवू नये. बाजार तर चंदगडवाल्यांचाही बेळगावच.

तुमच्या घरात आधीपासून सातबारा असेल आणि कन्नड शिकायची तयारी नसेल, तर तुम्ही चंदगडच घ्या, मी अडवणार नाही. पण ज्याच्याकडं सातबारा नाही आणि मराठी शेजार हवा आहे, त्याला मी खानापूरच सांगेन. तिथल्या गावांतून आपलीच माणसं राहतात. तरुण मुलं बेळगाव, पुण्याला गेली, शेतं पडीक पडू लागली. त्या गावात एक मराठी घर पुन्हा उभं राहिलं, तर ते मला हवंच आहे.