बोंबलाचा काही दोष नव्हता

डोंबिवलीत आमच्यासारख्या जुन्या, चार मजली, विनालिफ्टच्या बिल्डिंगमध्ये वास सुटला की "कशाचा?" असं कोणी विचारत नाही, "कोणाकडून?" असं विचारतात, आणि आमच्या विंगमध्ये त्याचं उत्तर कायमचं ठरलेलं आहे कारण दुसऱ्या मजल्यावर आम्ही मालवणी राहतो. त्यामुळे यंदा पावसाळ्याच्या तोंडावर डक्टमधून, म्हणजे संडास-बाथरूमचे पाईप जातात त्या उभ्या पोकळीतून, जो काही भीषण वास यायला लागला त्याचा तपास सुरू व्हायच्या आधीच निकाल लागला होता. सेक्रेटरींनी ग्रुपवर मेसेज टाकला, "कृपया काही सभासदांनी उग्र वासाचे पदार्थ करताना खिडक्या बंद ठेवाव्यात." काही सभासदांनी! अख्ख्या विंगमध्ये असे सभासद म्हणजे आम्हीच, हे शेंबड्या पोरालासुद्धा माहितीये.

मी सेक्रेटरींना जिन्यात गाठलं. म्हटलं, काका, हा वास सकाळी सहा ते नऊ सगळ्यात जास्त येतो, सकाळी सहाला कोण बोंबील तळतं? तर म्हणे, "वहिनी, रात्री भिजत घातले असतील." आता यावर काय बोलायचं? मुळात सुक्या बोंबलाचा वास आणि सडक्या अंड्याचा वास यातला फरक ज्याला कळत नाही त्याला सेक्रेटरी करूच नये असं माझं मत आहे, पण दुसरं कोणी उभंच राहत नाही ही अडचण.

घरात उपाय चालूच होते. सासूबाईंनी धूप घातला, त्यामुळे बाथरूममध्ये देवळाच्या मागे गटार असल्यासारखं वाटायला लागलं. नवऱ्याने नाहणीत डांबरगोळ्या टाकल्या. मुलीने मोबाईलवर बघून खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतलं, भरपूर फेस आला, सगळ्यांनी कौतुकाने बघितला, वास होता तिथेच. शेजारच्यांनी ॲसिड ओतायचा सल्ला दिला तो मात्र मी धुडकावला, एक तर त्याची वाफ छातीत जाते आणि शिवाय चोकअप नसेल तर ॲसिड बिचारं खाणार काय, टाइल्सचे सांधेच ना.

आणि चोकअप नव्हता, हे मला पटायला लागलं होतं, कारण पाणी जात होतं. थोडं हळू, थोडं रडतखडत, पण जात होतं. पण वरच्या मजल्यावर कोणी फ्लश केला की आमच्या नाहणीतून गुडगुड असा आवाज यायचा. रात्री तर इतका स्पष्ट की सासूबाई म्हणाल्या, "अगं बघ गो, कोण तरी गुळण्या करतंय." एका सकाळी मी मोबाईलचा टॉर्च लावून नाहणीवरची स्टीलची जाळी काढून, आतली वाटी उचलून बघत बसले. ऐन गर्दीची वेळ, घरच्यांना आंघोळी करायच्या होत्या आणि मी बाथरूममध्ये उकिडवी बसून भोकात बघतेय, नवरा दाराबाहेरून "झालं का?" म्हणतोय. तेवढ्यात वर फ्लश झाला. ट्रॅपमधलं शांत पाणी एकदम थरथरलं, गुडगुडलं, दोन-तीन बुडबुडे आले, आणि माझ्या डोळ्यांदेखत पाणी खाली खेचलं गेलं! आधी दोन बोटं होतं ते पाव बोट राहिलं. पुढच्याच क्षणी तो वास थेट तोंडावर. मी मागच्या मागे बादलीवर बसले.

ते ट्रॅपमधलं पाणी म्हणजे काय प्रकरण आहे हे आपल्याला कोणी शाळेत सांगत नाही. कमोडखाली, बेसिनखाली, नाहणीत, सगळीकडे पाईपला बाक देऊन किंवा वाटी बसवून थोडं पाणी मुद्दाम अडवलेलं असतं, साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोनच इंच. गटाराचा गॅस आणि आपलं घर यांच्या मध्ये तेवढीच भिंत. १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने संडासाला तो वळलेला पाईप लावून पेटंट घेतलं, तेव्हापासून जगातल्या सगळ्या सुसंस्कृत लोकांची अब्रू या दोन इंच पाण्यावर तरंगतेय. मे महिन्यात गावाला जाऊन महिन्याने परत आलं की घर का वास मारतं, तर ते पाणी सुकलेलं असतं म्हणून. जाताना नाहणीत तांब्याभर पाणी आणि वरून चमचाभर खोबरेल सोडलं की लवकर आटत नाही, हे आमच्याकडे पूर्वापार करतात.

पण आमचं पाणी आटत नव्हतं, कोणीतरी ओढून नेत होतं. आता हे कमिटीला पटवायचं कसं? मी म्हटलं, प्लंबर बोलवा. पहिला आला त्याने काही न विचारता स्प्रिंग मारली, केसांचा एक गुंता काढून सगळ्यांना फिरवून दाखवला, "बघा मॅडम!" म्हणाला, पैसे घेऊन गेला. केस आमचेच होते, नाही म्हणत नाही, पण वासाचा आणि त्यांचा काही संबंध नव्हता. मग खालचा चेंबर उघडला. सगळे नाकाला रुमाल लावून गोल उभे, कोणीतरी वरून फ्लश केला, आणि पाणी झुळझुळ वाहत निघून गेलं. सगळ्यांची थोडी निराशाच झाली. आणि परत सगळ्यांनी हळूच आमच्या खिडकीकडे बघितलं.

शेवटी चौथ्या मजल्यावरच्या आजींच्या ओळखीतून एक मिस्त्री आला. ओडिशाचा, केंद्रापाड्याचा. तो जिल्हाच प्लंबरांसाठी प्रसिद्ध आहे, तिथली माणसं देशभर पाईप जोडत फिरतात. त्याने हत्यारांच्या पिशवीला हातच लावला नाही, नुसते प्रश्न विचारायला लागला. गुडगुड एकट्या तुमच्याकडे की सगळ्यांकडे? एकच नळी तुंबते की बाथरूम, बेसिन, संडास सगळंच हळू? पहिल्या मजल्यावर काय होतं? मग आमची वरात घरोघर निघाली. तेव्हा कळलं की तिसऱ्या मजल्यावरही गुडगुड आहे, त्यांना वाटायचं ती आमच्याकडून येते. पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या कमोडमध्ये तर पाणी उलटं वर उसळायचं, त्या लाजून कोणाला बोलल्या नव्हत्या. आणि पलीकडच्या डक्टवरच्या घरांमध्ये सगळं ठीकठाक. म्हणजे एकाच पाईपवरचे सगळे आजारी, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपलाच संडास खराब.

मिस्त्री म्हणाला, "भाभी, नीचे कुछ नहीं है. ऊपर देखना पड़ेगा."

ऊपर? सेक्रेटरी हसले. घाण खाली जाते, ऊपर काय आहे? तर तो म्हणाला, तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल कसं पडतं? भक भक भक, अडकत अडकत. दुसरं भोक पाडलं की धार लागते. ते दुसरं भोक म्हणजे गच्चीवरचा पाईप. पाणी वरून खाली धावतं तेव्हा त्याच्या मागे हवा लागते, ती गच्चीवरून यायला पाहिजे, तिकडे बंद असेल तर मग जिथून मिळेल तिथून ओढणार, म्हणजे तुमच्या नाहणीतून, आणि जाताना ट्रॅपचं पाणी घेऊन जाणार. आणि पाण्याच्या पुढची हवा खाली दाबली जाते, तिला सटकायला जागा कमी पडली की ती पहिल्या मजल्याच्या कमोडमधून वर येणार. शिवाय गटाराचा गॅस एरवी त्याच पाईपमधून आकाशात जातो, तोही आता घरातच मुक्कामाला. काकूंचा चेहरा एकदम उजळला. इतके दिवस त्यांना वाटत होतं बाधाच आहे.

आता गच्ची. किल्ली चेअरमनकडे, आणि चेअरमन मुलाकडे अमेरिकेत. त्यांना फोन लावला तर तिकडे रात्र, ते झोपेत म्हणाले देवघराच्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहे, पण घराची किल्ली त्यांच्या मेव्हण्याकडे, मेव्हणा बदलापूरला. हे सगळं होऊन दार उघडेपर्यंत विंगमधल्या तीन-चार कामसू लोकांनी रजा टाकल्या होत्या.

गच्चीवर गेलो तर आमच्या डक्टच्या डोक्यावर चार इंची पाईपचं एक बुटकं थुटूक. बाकीच्या पाईपांवर टोप्या, यालाच नाही. आणि त्याच्या तोंडावर नीट बसवलेलं घरटं, झाडूच्या काड्या, केबलच्या वायरचे तुकडे, कोणाच्या तरी लग्नाच्या अक्षतांची पुडी, आणि मध्ये दोन पांढरी अंडी. कबुतरीणबाई कठड्यावर बसून आमच्याकडे असं बघत होत्या की आपणच मेंटेनन्स थकवलाय. मिस्त्रीने काडीने घरट्याखाली खुपसून बघितलं तर टणक. सिमेंट!

मग सगळा उलगडा झाला. मे महिन्यात वॉटरप्रूफिंग केलं होतं. कामाच्या माणसांनी माल आत पडू नये म्हणून पाईपमध्ये गोणपाट कोंबलं, इथपर्यंत बरोबरच, सगळेच कोंबतात. पण टोपी फुटली, ती काढून फेकली, गोणपाट काढायचं राहिलं, आणि उरलेला माल त्यावर थापून वरून छान गोल गुळगुळीत फिनिशिंग दिलं. फिनिशिंग खरंच सुंदर होतं. फरशीला इतकं प्रेम मिळालं नव्हतं.

पण अंड्यांचं काय? आजी मधे उभ्या राहिल्या, म्हणाल्या अंड्यांना हात लावायचा नाही. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले मग आम्ही महिनाभर संडासात जायचं नाही का? कारण अंडी फुटायला अडीच आठवडे, पुढे पिल्लं उडायला आणखी महिना. कमिटी मात्र भलतीच सावध, २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्री टाकून बंद केला तेव्हा केवढं महाभारत झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलेलं. सेक्रेटरी म्हणाले जनरल बॉडी बोलवू. मिस्त्री शांतपणे बिडी काढायला लागला तर मीच ओरडले, बाबा रे, त्या पाईपातल्या गॅसमध्ये मिथेन असतो, तो पेट घेतो, लांब जा. शेवटी आजींनीच चपलेचा खोका आणवला, घरटं तळाला हात घालून जसंच्या तसं उचललं आणि दोन हातांवर, टाकीच्या सावलीत ठेवलं. कबुतरीण बराच वेळ मान तिरकी करून खोक्याचा ब्रँड वाचत बसली, मग आत शिरली. आजींनी आमच्याकडे असं बघितलं की कोणाची काही बोलायची हिंमत झाली नाही.

पुढचं काम फटाफट. छिन्नीने सिमेंट फोडलं, सळईचा आकडा करून गोणपाट ओढून काढलं, ते निघताना जो आवाज आला तो मी लिहित नाही. पाईपला तुकडा जोडून तोंड डोक्यापेक्षा उंच नेलं. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, वर वास जातो तर वरून पक्कं बंदच करून टाका ना! मी मिस्त्रीकडे बघितलं, त्याने आकाशाकडे. मग सेक्रेटरींना त्यांच्या गावची आठवण झाली, तिकडे आरोग्य खात्याचे लोक सेप्टिक टँकच्या गॅस पाईपला नायलॉनची जाळी बांधायला सांगतात. ते खरंच आहे, माझ्या माहेरीही बांधलीये, कारण टाकीतल्या घाण पाण्यात क्युलेक्स डास होतात आणि पाईपातून बाहेर पडतात. पण जाळीतून हवा जाते हो काका, सिमेंटमधून नाही! शेवटी फटी असलेली पीव्हीसीची टोपी बसली, कबुतर शिरणार नाही आणि हवा अडणार नाही अशी.

टोपी बसवायच्या आधी टेस्ट. मिस्त्रीने कागद मागितला, सेक्रेटरींच्या खिशात थकबाकीची नोटीस होती, ती पाईपच्या तोंडापाशी धरली, आणि ग्रुपवर मेसेज गेला, "सगळ्यांनी आत्ता फ्लश करा." एरवी मीटिंगला कोरम भरत नाही पण यावेळी शंभर टक्के प्रतिसाद. खालून घोंघावत आवाज आला आणि नोटीस फाटकन पाईपच्या तोंडाला चिकटली. गच्चीवर टाळ्या! मी धावत खाली आले, नाहणीत टॉर्च मारला, पाणी जरासं हललं आणि जागेवर राहिलं.

आता भांडण बिलाचं आहे. तळमजल्यावरचा दुकानदार म्हणतो माझ्याकडे संडासच नाही, मी का देऊ, चौथ्या मजल्याच्या लोकांचं म्हणणं पाईप गच्चीवर असला म्हणून खर्च आमचा कसा, आणि वॉटरप्रूफिंगवाले फोन उचलत नाहीत. सेक्रेटरींनी सुचवलं की ज्यांच्याकडे तक्रार पहिल्यांदा लक्षात आली त्यांनी तूर्त भरावेत. मी म्हटलं भरते, पण आधी ग्रुपवर त्या "काही सभासदांनी" वाल्या मेसेजखाली खुलासा टाका, बोंबलाचं नाव घेऊन. ते अजून टायपिंग करतायत.