माझ्या ताटात डोकावू नका!

एमएसचं, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचं, निदान झाल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण माझ्या ताटात डोकावतो. गहू सोड, दूध बंद कर, गुळवेल-अश्वगंधा घे, "प्रतिकारशक्ती वाढते न बाप्पा!" अहो, माझी प्रतिकारशक्तीच माझ्या मज्जातंतूंवरचं मायलिनचं संरक्षक आवरण कुरतडते आहे. तिला आणखी चेव कशाला आणता? शिवाय गुळवेलीनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतातल्याच डॉक्टरांनी केल्यात.

परवा धरमपेठेतल्या मावशींनी बायोटिनची (हे ब गटातलं जीवनसत्त्व) बाटली हातात ठेवली. मोठ्या डोसच्या बायोटिनची एमएसवरची मोठी चाचणी २०२० मध्येच फसली, वर त्यानं थायरॉइडचे रिपोर्ट चुकतात. ड जीवनसत्त्व डॉक्टरांनी दिलंय: ६०,००० युनिटची पुडी, आठवड्यातून एकदा. "रोज घे, व्हिटॅमिनच तर आहे!" रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून किडनीवर बेततं हो!

आणि सगळ्यात डोकं फिरतं ते "इंजेक्शन सोड, आहारानंच होते सारं" ऐकून. कोणत्याही पथ्यानं हा आजार थांबतो, हे आजवर सिद्ध झालेलं नाही. औषध सोडल्यावर आजार उसळून नजर गेली, तर ती पूर्ण परत येईलच याची हमी तुम्ही घेणार का? भेटायला जरूर या, गप्पा मारा. माझं इंजेक्शन मात्र मी सोडणार नाही.