लग्नात दिलं म्हणजे हिस्सा दिला, असं नसतं

‘आजची खरी अबला कोण? पुरुष!’ या मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. खाली नाव नाही, तारीख नाही, फक्त ‘पटलं तर पुढे पाठवा’. आमच्या परभणी-जालन्याकडच्या भावकीच्या, गावच्या आणि दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर तो येऊन गेला. असल्या मेसेजला मी एरवी उत्तर देत बसत नाही. या वेळी देतेय, कारण हा मेसेज माझ्या मावसबहिणीला तिच्या सख्ख्या भावाने पाठवलाय आणि बरोबर वेळ साधून पाठवलाय. तिचे वडील गेले, वारसाच्या नोंदीचं काम निघालंय आणि दिवाळी झाली की तिने तालुक्याला जाऊन हक्कसोडपत्रावर, म्हणजे वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा सोडून दिल्याच्या कागदावर, सही करायची असं घरात ठरलंय. तिने तो मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, "बरोबरच आहे की गं हे. लग्नात आपल्याला दिलंच होतं ना."

अक्का, बरोबर नाही. आणि तुला ते बरोबर वाटावं म्हणूनच ते लिहिलंय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. आपल्याकडे पूर्वी बाई देवी होती, तिला काही कमी नव्हतं. आता सगळे कायदे बायकांच्या बाजूने आहेत, एका तक्रारीवर सगळं घर जेलमध्ये जातं. अर्धं तिकीट, दीड हजार रुपये, आरक्षण, सगळं त्यांनाच. मुली शेफारल्यात म्हणून शेतकऱ्याच्या पोराला बायको मिळेना. आणि शेवटी मुख्य मुद्दा: लग्नात सोनं, हुंडा, आंदण घेऊन गेलेली बहीण परत येऊन वावरात हिस्सा मागते, तीच घरफोडी.

पूर्वीच्या वैभवाचं आधी बघू. पुरावा म्हणून गार्गी, मैत्रेयी आणि अहिल्यादेवी अशी तीन नावं दिलीत. हजारो वर्षांतून दोन-तीन नावं काढून दाखवायची आणि बाकीच्या कोट्यवधी बायकांबद्दल बोलायचंच नाही, ही मांडणी मला पटत नाही. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईचं नाव यात का नाही? कारण तिने दुसऱ्याच्या घरी दळणकांडण केलं आणि ते कष्ट स्वतःच बोलून ठेवले, ते या देवीच्या चित्रात बसत नाही. अहिल्यादेवींचं नाव मात्र घेतलं ते बरं झालं. त्यांनी देशभर घाट बांधले, देवळं उभी केली, वेरूळच्या घृष्णेश्वराचं काम केलं, ते होळकरांच्या खासगीतून. ही खासगी म्हणजे घरच्या बायकांच्या हक्काचं स्वतंत्र उत्पन्न. ती पेशव्यांनी 1734 साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे करून दिली होती आणि सासूकडून ती सुनेकडे आली. हातात स्वतःच्या नावाची मालमत्ता होती म्हणून ते दान झालं. अहिल्यादेवींचा फोटो लावून बहिणीला जमीन सोडायला सांगणाऱ्याने हे एवढं तरी वाचायला पाहिजे होतं.

कायद्यांच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. सासरच्या छळाविरुद्धच्या 498-अ कलमाखाली काही खोट्या तक्रारी झाल्या, म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांची आणि दूर राहणाऱ्या नणंदांची नावं उगाच गोवली गेली. सर्वोच्च न्यायालयानेही हे म्हटलंय. पण म्हणूनच त्याच न्यायालयाने 2014 साली बजावलं की असल्या गुन्ह्यात कारण नोंदवल्याशिवाय सरसकट अटक करायची नाही. म्हणजे ‘एका तक्रारीवर सगळं घर आत’ ही गोष्ट दहा वर्षांपेक्षा जुनी झाली. आणि दुसरी बाजू? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या साधारण दर चार बायकांमागे एकीने सांगितलं की नवऱ्याने हात उचललाय किंवा अत्याचार केलाय. त्यातल्या किती जणी पोलिस स्टेशनची पायरी चढतात हे आपल्या आळीत राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

अर्धं तिकीट आणि दीड हजार. एसटीत बायकांना निम्मं भाडं मार्च 2023 पासून आहे, लाडकी बहीण 2024 पासून. या योजना कुणाला कशासाठी आवडतात-नावडतात यावर वाद होऊ शकतो. पण ‘फुकटचं मिळतं’ असं शेजारच्या बीड जिल्ह्याकडे बघून लिहायला हिंमत लागते. तिथून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरांची एक जोडी, धरून ऊसतोडीला जातात. दोघं राबतात, आगाऊ पैशाची उचल त्याच्या हातात पडते, हिशेब त्याच्या नावाने होतो. 2019 साली सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींच्या गर्भाच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पाळीत खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, आणि पोटात दुखतंय म्हणून गेलं की डॉक्टर म्हणतो काढून टाका. आरक्षणाचंही तसंच. 50 टक्के जागा कागदावर बाईच्या, पण ग्रामसभेत खुर्चीवर बसून बोलतो कोण, ते मेसेज लिहिणाऱ्याने आपल्याच गावात बघावं.

शेतकऱ्याच्या पोरांचा मुद्दा मात्र मनाला लागतो, कारण ती पोरं आपलीच आहेत. तीस-बत्तीस वर्षांची, निर्व्यसनी, दहा एकर वावर असलेली पोरं बिनलग्नाची राहिलीत, हे खरं आहे. त्यांच्या आयांचं रडणं मी ऐकलंय. पण दोष कुणाच्या माथी मारताय? 2001 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 894 मुली होत्या. तीच मुलं आज लग्नाची झालीत. 2011 ला तो आकडा 807 वर आला. त्या वेळची मुलं आता कुठे विशीच्या आसपास पोचतायत, म्हणजे खरी टंचाई अजून यायचीय. बाकीच्या मुली गेल्या कुठे? सोनोग्राफीच्या मशीनखाली गेल्या. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशाचा 1994 चा कायदा आहे, महाराष्ट्राने तर 1988 लाच केला होता, तरी आपल्याच परळीत मुलींचे गर्भ पाडायचं काय चाललं होतं ते 2012 साली सगळ्या देशाने बघितलं. ज्या घरांनी तेव्हा मुलगी नको म्हटलं, त्याच घरांना आज सून पाहिजे. जन्मच न झालेल्या मुलीने नकार दिला असं कसं म्हणता येईल?

आणि ज्या जन्मल्या, त्यांना आया सांगतात, "मी वावरात मेले, तू नको मरू." कापूस वेचून बोटं फाटलेली, खुरपून कंबर गेलेली, गड्यापेक्षा कमी हजेरीवर राबलेली आणि सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई आपल्या लेकीला तिथेच कशाला ढकलेल? सून आल्या दिवशी तिचं नाव लावतो असं किती मागण्यांमध्ये म्हणता? लक्ष्मीमुक्ती योजनेखाली नवऱ्याने नुसता अर्ज केला तरी बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. ही सोय तीस वर्षांहून जुनी आहे. आमच्या गावात तसा अर्ज केलेला एक गडी मला माहीत नाही.

आता वावराचा हिस्सा. बाकीचं सगळं त्याच्यासाठीच रचलंय, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

हक्कसोड कसं होतं ते मी माझ्या आत्याच्या वेळी जवळून पाहिलंय. पंचमीच्या सणाला तिला माहेरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप दारात उभी. "वारसाचं काम आहे, सगळ्यांच्याच सह्या लागतात," एवढंच सांगितलं. आत्याला वाचता येत होतं, चौथीपर्यंत शिकलेली होती, पण कागद तिच्या हातात कुणी दिलाच नाही. निबंधकाच्या ऑफिसात फोटो झाला, अंगठा झाला, साहेबांनी विचारलं, "राजीखुशीने ना बाई?" तिने आधी भावाकडे बघितलं, मग मान हलवली. बाहेर आल्यावर तिला हॉटेलात भजे खाऊ घातले आणि घरी हिरवी साडी नेसवली. त्या साडीचं ती किती दिवस कौतुक करत होती! आपण काय सोडून आलो हे तिला पुढे दोन वर्षांनी सोयाबीनचा विमा वाटला गेला तेव्हा कळलं.

आता कायदा काय म्हणतो. 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी जन्माने, मुलाइतकीच सहहिस्सेदार आहे. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला विनिता शर्मा खटल्यात शेवटची शंकाही मिटवली: वडील 2005 ला हयात असोत-नसोत, मुलगी केव्हाही जन्मलेली असो, तिचा हक्क आहे. तिचं लग्न झालंय की नाही, याने काही फरक पडत नाही. अपवाद आहेत. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर नोंदवलेली वाटणी झाली असेल तर ती मोडता येत नाही, आणि वडिलांनी स्वकष्टाच्या जमिनीचं मृत्युपत्र केलं असेल तर त्यांच्या मनाप्रमाणे होतं. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत या दोन्हींपैकी काही नाही.

‘लग्नात दिलं तोच हिस्सा’ हे कुठल्याही कायद्यात नाही. हुंडा 1961 पासून गुन्हा आहे. म्हणजे मेसेज लिहिणारा एका गुन्ह्याची पावती दाखवून दुसरा हक्क काढून घेतोय. शिवाय तो हुंडा गेला कुणाकडे? सासऱ्याने घेतला, त्यातून नणंदेचं लग्न झालं. अक्काच्या नावावर त्यातला एक रुपया नाही. आणि खर्चच मोजायचा तर सगळ्यांचा मोजा. भावाच्या डी.एड.ला किती लागले, संस्थेत चिकटवायला वडिलांनी कोणता तुकडा विकला, त्याच्या लग्नात मांडव किती दिवस होता. तो खर्च त्याच्या हिश्श्यातून कुणी वळता केलाय का? आणि लग्नाआधी ज्या पोरीने त्याच वावरात सात-आठ हंगाम कापूस वेचला, तिची मजुरी कुणी धरली?

मग म्हणतात, जमीन परक्याच्या घरात जाईल, विकून मोकळी होईल. हिंदू वारसा कायद्याचं कलम 22 बघा: वारसाने एकत्र आलेल्या मालमत्तेतला हिस्सा विकायचा झाला तर आधी विकत घेण्याचा हक्क इतर वारसांचा, म्हणजे भावांचा. शेतजमिनीलाही हे लागू आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल आहे. कलम 15 त्याहून स्पष्ट आहे. आईवडिलांकडून बाईला आलेली मालमत्ता, तिला मूलबाळ नसेल आणि मृत्युपत्र नसेल, तर नवऱ्याकडे जात नाही, तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत येते. कायदा करणाऱ्यांनी माहेरचा एवढा विचार केलाय.

एक गोष्ट जड मनाने कबूल करते. पाच एकर कोरडवाहू जमिनीचे पाच तुकडे झाले तर कुणाचंच भागत नाही. पण हे गणित तीन भावांच्या वाटणीत कुणी मांडत नाही. तिथे धुरा पाडून, इंच इंच मोजून, मोजणीवाल्याला बोलावून तुकडे होतात. बहीण आली की मात्र सगळ्यांना तुकडेबंदी आठवते. तुकडा परवडत नसेल तर हिश्श्याचे पैसे द्या, नाहीतर बटई द्या. रस्ते आहेत, काढायची इच्छा पाहिजे.

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य शेवटून दुसरं आहे: ‘हिस्सा घेणाऱ्या बहिणीला माहेर उरत नाही.’ ही सरळ धमकी आहे. आपल्याकडची बाई नवऱ्याचं निमूट ऐकते, सासूचं ऐकते, ते पाठीशी माहेर आहे या एका भरवशावर. कधी रात्री-बेरात्री पोराला काखेत मारून यावं लागलं तर एक दार उघडेल म्हणून. त्याच दाराला कुलूप लावायची भीती घालून तिची सही घेतली जाते आणि मग तिला ‘राजीखुशी’ म्हणतात. माझ्या शेजारच्या मुस्लीम मैत्रिणींकडे वारशाचा कायदा वेगळा आहे, पण सही घेण्याची रीत हीच. आणि ज्या बायकांनी सही करून दिली, त्यांना माहेर उरलं का? आत्या विधवा होऊन परत आली तेव्हा तिला मागच्या पत्र्याच्या खोलीत जागा मिळाली. तिच्या नावावर दोन एकर असते तर ती आश्रित म्हणून आली नसती, हिस्सेदार म्हणून आली असती. सातबाऱ्यावर नाव असेल तर पीककर्ज आहे, विमा आहे, अतिवृष्टीचं अनुदान आहे, किसान सन्मानचे पैसे आहेत. नाव नसेल तर यातलं काहीच नाही. 2015-16 च्या कृषीगणनेत देशातल्या शेतजमिनींच्या खातेदारांत बायका 14 टक्केसुद्धा भरल्या नाहीत. आमच्याकडे खुरपणीला, वेचणीला, काढणीला वावरात कोण असतं ते बांधावरून जाणाऱ्यालाही दिसतं.

तर अक्का, आणि अक्कासारख्या ज्या कुणी हे वाचत असतील त्यांच्यासाठी. वारस नोंदीत तुझं नाव आपोआप यायला पाहिजे, ते कुणाच्या मेहेरबानीवर नाही. तलाठ्याकडे जाऊन किंवा ऑनलाइन सातबारा काढून सगळे गट नंबर उतरवून घे. फेरफाराची नोटीस आली की हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात, ती नोटीस कुणाच्या हातात पडते यावर लक्ष ठेव. हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की फसवणूक किंवा दबाव सिद्ध केल्याशिवाय मागे घेता येत नाही, आणि ते कोर्टात सिद्ध करायला वर्षं जातात. म्हणून कागद आदल्या दिवशी घरी माग, लेकीकडून मोठ्याने वाचून घे. विचार करूनही सोडायचंच असेल तर सोड, तो तुझा हक्क आहे. पण जीप दारात उभी करून जे आणलं जाईल, त्यावर त्याच दिवशी सही करू नकोस. मी दिवाळीत येतेय, तुझ्यासोबत तालुक्याला मीही येईन.